म्लादेनच्या वाट्याचा पाट

त्या हिवाळ्यात डोंगरावर बर्फ पडलं ते नावापुरतं. मार्च सरायच्या आतच उतरणी काळ्या पडल्या, आणि एरवी मे महिन्यापर्यंत ओढ्याला जे दुधाळ, गार पाणी असायचं ते एप्रिलातच गुडघ्याखाली आलं. आलं तेही एकटं आलं नाही. वरच्या वस्त्यांनी, घाटातल्या खानावळीनं आणि सुट्टीच्या दिवशी काठावर मांस भाजत बसणाऱ्या शहरवाल्यांनी जे जे म्हणून ओढ्यात टाकलं होतं ते सगळं फेब्रुवारीतल्या एका अवकाळी पावसानं खाली लोटलं आणि द्रेनोवा गावच्या पाटात आणून बसवलं.

पाट गावाइतकाच जुना. ओढ्याला दगडांचा बांध घालून उजव्या अंगानं काढलेला, डोंगराच्या कडेकडेनं गावात उतरणारा. उतार इतका बेताचा की तळाशी वीतभर गाळ साचला तरी पाणी थबकावं. पूर्वी त्याच्यावर पाणचक्की फिरायची. चक्कीचं छप्पर बसलं त्याला बरीच वर्षं झाली. आता पाटावर जगत होत्या त्या परसातल्या मिरच्या, टोमॅटो आणि घेवडा.

देसांकाची मिरचीची रोपं तयार होती. सोप्यात लाकडी खोक्यांतून ती दाटीवाटीनं उभी होती आणि उजेडाच्या बाजूला माना काढत होती. दोन माणसांना लागतील त्याच्या चौपट रोपं ती दरवर्षी करायची. भाजून, सोलून, तेलात परतून बरण्या भरायच्या आणि त्या बरण्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती ऑस्ट्रियाला म्लादेनकडे पाठवायच्या. म्लादेन तिचा एकुलता एक. लिंझला तो घरांना खोटी छतं बसवायचं काम करत होता.

"विहिरीचं पाणी घालून बघ," रादिसाव म्हणाला. तिचा नवरा. खुब्याचं हाड झिजल्यापासून तो दारातल्या खुर्चीवर पाय लांब करून बसायचा आणि तिथून सगळ्या जगाला सल्ले द्यायचा.

"विहीर पिण्यापुरती आहे. मी इर्जिक घालतेय."

"कशाची?"

"पाटाची. सगळ्यांनी मिळून बांधापासून खालपर्यंत साफ करायचा."

"येणार कोण? वुकादिनचं कुत्रं?"

"ज्याचा ज्याचा तुकडा आहे त्याला यावंच लागेल."

रादिसावनं तिच्याकडे बघितलं. मग फाटकाबाहेर बघितलं. तिथे त्यांच्या घराला लागूनच म्लादेनचं घर होतं. लाल विटांचं, गिलावा न केलेलं, वरच्या मजल्याला नुसत्या खिडक्यांची भोकं असलेलं.

"असं आहे होय," तो म्हणाला.

"काय असं आहे?"

"काही नाही. पाट साफ करायचाय म्हणतेस ना, कर."

द्रेनोवात घरं मोजत नाहीत, धूर मोजतात. ज्याची चूल वेगळी त्याचा धूर वेगळा, आणि ज्याचा धूर वेगळा त्याला पाटाचा तुकडा वेगळा. तुकड्याच्या टोकाला ओकची खुंटी. वर्षातून एकदा, रोपं लावायच्या आधी, आपापला तुकडा साफ करायचा. कुणी म्हातारं असलं, आजारी असलं तर शेजारी हात लावत, पण पहिलं फावडं त्या घरच्या माणसानंच मारायचं. नुसतं टेकवलं तरी चालायचं. ते न होता दुसऱ्यानं कुणी तुकड्यातला गाळ उपसला तर त्याचा अर्थ एकच, त्या घरची चूल विझली. मग खुंटी उपटायची आणि तुकडा साफ करणाऱ्याच्या तुकड्याला जोडायचा. भांडण नाही, कागद नाही. अशा कितीतरी खुंट्या उपटल्या गेल्या होत्या. वुकादिन पाटकऱ्याचा एकट्याचा तुकडा आता चक्कीच्या वळणापासून चर्चच्या भिंतीपर्यंत झाला होता, आणि तो म्हणायचा, "एवढी जहागीर माझ्या आज्याच्या स्वप्नातही नव्हती."

म्लादेनचं लग्न झालं तेव्हा धूर वेगळा करायचा हट्ट देसांकानंच धरला होता. रादिसाव नको म्हणत होता. पण तिचा हिशोब सरळ होता: स्वतःची चूल असली, पाटात स्वतःची खुंटी असली, की माणसाचा पाय इथे राहतो. रादिसावनं आपल्या तुकड्यातला खालचा अर्धा भाग तोडून दिला. नव्या चुलीत काही हिवाळे लाकडं जळली. मग म्लादेन एका कामासाठी म्हणून गेला, मग बायको गेली, मग तिकडेच उरोश झाला. पण दर वसंतात तो ईस्टरला यायचा, बूट काढून पाटात उतरायचा आणि फावडं मारायचा. गेल्या दोन वसंतांत तो आला नव्हता. त्या दोन वर्षी पाणी भरपूर होतं. गाळावरूनही वाहत होतं. कुणी काही बोललं नाही.

रविवारी तिनं त्याला फोन लावला.

"इर्जिक?" म्लादेन हसला. "अजून घालतात?"

"यंदा घालतोय. पुढच्या शनिवारी. तुझा तुकडा पार बुजलाय रे."

"शनिवारी..." मागे कुणीतरी यंत्र चालवत होतं. "बघतो. नाही, बघतो काय, येतो. शुक्रवारी संध्याकाळी निघालो तर सकाळी पोचतो. उरोशलाही आणतो. चिखलात लोळू दे जरा."

"त्याला बूट आहेत का रबरी?"

"आई, इथे सगळं मिळतं."

फोन ठेवून ती बाहेर आली. रादिसाव विळा घासत होता. "येतोय," ती म्हणाली.

"ऐकलं मी. अख्ख्या गावानं ऐकलं."

आठवडाभर ती घरोघर फिरली. घरोघर म्हणजे जिथे धूर होता तिथे. वुकादिनकडे आधी गेली, कारण पाटकरी तो. वय झालेला, पाठीत वाकलेला, पण पाण्याची पाळी अजून तोच ठरवायचा आणि पाळी चुकवणाऱ्याच्या फाटकाशी जाऊन काहीही न बोलता उभा राहायचा. देसांका साठीला आली होती, तरी तो तिला सूनबाईच म्हणायचा. ती दुसऱ्या गावची होती ना.

"सूनबाई, माणसं कमी पडतील," तो म्हणाला. "चिखल आपण काढू. पण ते टायर, तो फ्रिज? फ्रिज अडकलाय वळणावर, पाहिलास? दार उघडं. आत बेडूक."

"मग?"

"तियानाला सांगतो." तियाना त्याच्या भावाची नात, शहरातल्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. "तिचा एक जथा आहे. नद्या साफ करत फिरतात. फुकट."

"फुकट?"

"मीही तेच विचारलं. फुकट काम करणारा माणूस म्हणजे एक तर संत, नाहीतर निवडणुकीला उभा. तर म्हणाली, आजोबा, आम्ही दोन्ही नाही, फक्त जेवायला घाला."

स्तामेनाचं घर सर्वांत खाली, पाटाच्या शेवटाला. ती वुकादिनहूनही मोठी. देसांका गेली तेव्हा ती वाफे आधीच खणून बसली होती. माती कोरडी पडून तिला भेगा गेल्या होत्या.

"मावशी, शनिवारी."

"मी येते. फावडं टेकवते. पुढचं तुम्ही बघा." मग म्हणाली, "म्लादेन येतोय म्हणे."

"येतोय."

"चांगलं झालं," स्तामेना म्हणाली आणि उगीचच वाफ्यातली एक ढेकूळ बोटांनी चुरत राहिली.

शुक्रवारी देसांकानं घेवडा भिजत घातला, दोन मडकी. ज्यानं इर्जिक घातली त्यानं जेवण घालायचं. पीठ मळलं, पोगाचाच्या जाड भाकऱ्या थापून झाकून ठेवल्या. म्लादेनच्या घराची दारं उघडून वारं खेळवलं, पलंगावर चादरी घातल्या. तिथे थंड सिमेंटचा वास होता. चुलीचा पत्रा गंजला होता. तिनं तो राखेनं घासला. संध्याकाळी फोन वाजला.

"आई, उद्या नाही जमत. मुकादमानं पाळी लावली ऐनवेळी. एक माणूस शिडीवरून पडला."

"लागलं का त्याला?"

"मनगट मोडलं. मी रविवारी येतो ना. एक दिवस इकडेतिकडे. तुम्ही सुरू करा, माझा तुकडा ठेवा."

"ठेवते," ती म्हणाली.

रादिसावनं नुसता पाय खुर्चीवरून खाली घेतला आणि दुसरा वर ठेवला.

शनिवारी सकाळी शहरातून एक लहान बस आली. त्यातून पोरं-पोरी उतरली, सगळ्यांच्या अंगात एकसारखे हिरवे सदरे, हातांत नवे कोरे मोजे. तियाना पुढे. उंच, केस मागे बांधलेली, घसा बसलेली. तिनं उतरल्या उतरल्या पाटात हात बुडवला, गाळ मुठीत घेऊन हुंगला आणि म्हणाली, "खालचा काळा गाळ काठावर पसरू नका. लांब टाका. त्यात काच आहे."

वुकादिननं टोपी काढली, क्रुसाची खूण केली आणि बांधाशी आपलं पहिलं फावडं मारलं. मग सगळे उतरले.

बांधाशी पाटाच्या तोंडावरची झाप दगड लावून बंद केली होती, तरी तळात घोट्याएवढं पाणी होतं. वरून बघताना पाट नुसता हिरवा दिसायचा. फावडं घातलं की थर दिसायचे. वर पानं आणि काटक्या. त्याखाली पिशव्या, एकमेकींत गुंतलेल्या, झाडांच्या मुळांनी शिवल्यासारख्या. त्याखाली तो काळा, तेलकट गाळ. उपसला की कुजक्या अंड्यांसारखा वास. निळ्या दोऱ्या निघाल्या, बाळांच्या फुगलेल्या लंगोट्या निघाल्या, एक बूट, बाहुलीचं धड, तेलाचे डबे. फ्रिज काढायला सहा जण लागले. त्याचं दार निखळलं आणि आतलं पाणी एका पोरीच्या मानेवरून आत गेलं. ती जागच्या जागी नाचली आणि सगळे हसले. वुकादिन म्हणाला, "बेडकाला आधी विचारायचं होतं, बाई. घरमालक तो."

देसांकानं आपला तुकडा सकाळीच संपवला. फावडं मांडीवर टेकवून ती कमरेतून उसळी घ्यायची आणि गाळ काठावरच्या घमेल्यात टाकायची. पाठ भरून आली की उभी राहून रस्त्याकडे बघायची. आज तो येणार नाही हे तिला ठाऊक होतं. तरी घाटातून गाडी उतरली की तिची नजर जायची, आणि गाडी वळून दुसरीकडे गेली की फावडं परत चालायचं.

स्तामेना मळकट एप्रन बांधून आली, फावडं टेकवलं, थोडी थुंकी हातावर घेऊन खरोखरच दोनदा उपसलं आणि काठावर बसून पोरांना कामाला लावलं. "तिथे नाही, लेका, मुळाशी. तुझ्या आईनं तुला खायला घालताना एवढे आढेवेढे घेतले होते का?"

जेवणाआधीची गोष्ट. देसांका मडकी बघायला घरी गेली होती. परत आली तेव्हा तियाना आणि दोघे जण खुंटीच्या पलीकडे, म्लादेनच्या तुकड्यात होते. तियानानं एक मोठी ताडपत्री खेचून अर्धी वर काढली होती, आणि तिच्या हातातलं फावडं गाळात रुतलेलं होतं. अजून उचललेलं नव्हतं.

देसांका चपलांसकट पाटात उतरली. तिला पळायची सवय नव्हती. ती चिखलात एका गुडघ्यावर पडली, उठली आणि तियानाच्या हातातला फावड्याचा दांडा धरला.

"हा नाही."

"काकू, हाच तर मुख्य. सगळं इथेच तुंबतंय."

"तुंबू दे. हा उद्या होईल."

"आम्ही आज आहोत ना. उद्या आम्ही नसू." तियाना हसून, समजूत घालावी तशी बोलत होती. "अर्ध्या तासाचं काम आहे."

"सोड."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. देसांकाच्या स्कर्टवरून काळं पाणी ओघळत होतं. एक मोजा घोट्यावर उतरला होता. दोघी एका दांड्याला धरून उभ्या होत्या. वुकादिन वरून सावकाश उतरला.

"तियाना. सोड, बाई. त्या फावड्याला परत ये म्हणून सांग. उपसू नकोस, नुसतं ओढून घे."

तियानानं ओढून घेतलं. वुकादिननं तिला बाजूला नेऊन, काठावर बसवून सांगितलं. देसांकाला ते सगळं ऐकू येत होतं. ती ताडपत्री पुन्हा गाळावर टाकत होती.

"म्हणजे एक माणूस लिंझहून येईपर्यंत पाणी थांबवायचं?" तियाना म्हणाली. "खाली त्या आजींचे वाफे बघितलेत?"

"बघितलेत."

"मग?"

"मग काय. जेवायला चल."

जेवताना कुणी ती गोष्ट काढली नाही. पोरांनी घेवड्याची दोन्ही मडकी पुसून खाल्ली, राकियाचा, फळांच्या घरगुती दारूचा, एकेक घोट घेतला, तोंडं वाकडी केली. निघताना तियाना देसांकाजवळ आली. "काकू, मला ठाऊक नव्हतं."

"तुला कसं असेल," देसांका म्हणाली आणि उरलेला पोगाचा फडक्यात बांधून तिच्या हातात दिला.

संध्याकाळी झाप उघडली. पाणी नव्या तळावरून आधी चाचपडत, मग सरळ आलं, देसांकाच्या तुकड्यातून खळाळत गेलं आणि खुंटीशी येऊन उभं राहिलं. तिथे त्याचा फेस झाला, काटक्या गोल फिरल्या. मग ते चढायला लागलं.

रविवारी देसांकानं स्वच्छ ब्लाऊज घातला. कोंबडी कापली. रादिसावनं दाढी केली. दाढी करतो आहे असं दिसू नये म्हणून आतल्या खोलीत केली. दुपार झाली. कोंबडी दोनदा गरम झाली. मग फोन.

"आई, हे बघ, ओरडू नकोस."

"मी कधी ओरडले?"

"तेच. आजही पाळी आहे. त्या माणसाची जागा भरायचीय. आणि उरोशला उद्या शाळेत काहीतरी आहे." त्यानं आवाज खाली आणला. "एखादा माणूस लाव ना तिथे. मी पाठवतो पैसे."

"इर्जिकीत माणूस लावत नाहीत."

"मग तूच कर. तुझं काय नि माझं काय."

"वेगळा धूर आहे तुझा."

"धूर," म्लादेन म्हणाला. चेष्टेनं नाही, एखादा शब्द बऱ्याच दिवसांनी आठवावा तसा. "आई, मला इकडे घरात चूलसुद्धा नाही. काचेची शेगडी आहे. तू करून टाक."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "ऑगस्टात येतो," तो म्हणाला, "नक्की." मागून उरोश काहीतरी विचारत होता, तिला त्यातला एकही शब्द कळला नाही, पण आवाज ओळखीचा होता, म्लादेनच्या लहानपणचा. म्लादेननं त्याला त्याच भाषेत उत्तर दिलं.

कोंबडी दोघांनी खाल्ली. रादिसावनं तिच्या ताटात मांडीचा तुकडा टाकला. तो तिनं परत त्याच्या ताटात टाकला.

सोमवारी सकाळी ती पाटावर गेली तेव्हा पाणी काठाला लागलं होतं. एका जागी काठ ओला होऊन फुगला होता आणि खालच्या पायवाटेवर बारीक धार सुटली होती. मातीचा काठ फुटायचा असाच. आधी घाम फुटावा तसा, मग एकदम. तिनं बसून ती जागा हातानं दाबली, वर दगड ठेवला. मान वर केली तर खालून स्तामेना येत होती, दोन्ही हातांत बादल्या. तिनं एक बादली खाली ठेवली, दुसरी तुंबलेल्या पाण्यात बुडवली. खांद्याची हाडं ब्लाऊजच्या आत वर आली आणि खाली गेली.

"मावशी, मी देते नेऊन."

"कशाला? पाळी माझी आहे. पाणी आलं नाही तर मी त्याच्याकडे आले." तिनं दुसरी बादली भरली. मग बादल्या तशाच ठेवून काठावर बसली, दम घ्यायला.

"माझी खुंटी कोण उपटेल, बघतेस ना," ती म्हणाली. "वुकादिन उपटेल. तो नसला तर तू. मला काही वाटत नाही त्याचं."

"तुमची कशाला..."

"अगं, ऐक. मी वाट बघू शकते, तू बघू शकतेस. आपल्याला सवय आहे. त्या रोपांना नाही." ती उठली, बादल्या उचलल्या. चार पावलांवर पाणी हिंदकळून तिच्या पायावर सांडलं. तिनं थांबून बादल्या खाली टेकवल्या, पुन्हा उचलल्या.

देसांकानं झाप बंद केली. घरी जाऊन फावडं, दाताळं आणि घमेलं घेतलं. रादिसाव दारात होता.

"कुठे?"

"खाली."

त्यानं तिच्या हातातल्या फावड्याकडे बघितलं, काठी घेतली आणि उठला. तो पाटापर्यंत पोचला तेव्हा ती खुंटीच्या पलीकडे उतरली होती, पण फावडं खांद्यावरच होतं. तो काठावर कसाबसा बसला, दुखरा पाय सरळ केला आणि दाताळं मागितलं.

"दे इकडे. पिशव्या मी ओढतो."

तिनं दाताळं दिलं. मग फावडं घातलं. गाळ जड होता. पहिलं फावडं निघताना तळानं ते धरून ठेवल्यासारखं केलं आणि मग एकदम सोडलं.

दोन वर्षांचं साचलेलं होतं. ताडपत्री निघाली, तिच्याखाली काटेरी तार निघाली, वाळक्या फांद्या, बाटल्यांचा एक गठ्ठा, मेलेला ससा. मांडीत, कमरेत, खांद्यात तिचं अंग वेगवेगळं दुखायला लागलं. तळाचे दगड लागले तेव्हा तिनं ते हातानं चाचपून पाहिले. चपटे, एकमेकांना घासून बसवलेले. हे म्लादेननं बसवलेले होते, लग्नाच्या वर्षी. काम चांगलं होतं त्याचं. एकही हलला नव्हता.

"मी म्हणालो होतो तुला," रादिसाव वरून म्हणाला, "एकच धूर ठेव."

"म्हणाला होतास."

"माझं ऐकायला हवं होतंस असं नाही म्हणत मी."

"मग काय म्हणतोस?"

त्यानं एक लांब निळी दोरी ओढून काढली, गुंडाळली. "काही नाही. डाव्या पायाशी काच आहे, बघ."

ऊन कलायला लागलं तेव्हा तुकडा झाला. रादिसाव तसाच बसून राहिला. त्याला एकट्याला उठता येत नव्हतं आणि तिच्यात त्याला उठवायचं बळ नव्हतं. तेवढ्यात वुकादिन आला. आधी साफ झालेला तळ बघितला, मग दोघांकडे बघितलं, मग टोपी काढून पुन्हा घातली.

"अरे," तो म्हणाला, "म्लादेन येऊन गेला वाटतं."

रादिसावनं दाताळं मांडीवर घेतलं.

"पहाटे आला असेल," वुकादिन पुढे म्हणाला. "एक फावडं मारलं नि लगेच परत निघाला. नोकरी आहे बाबा त्याला. माझे डोळे अधू, पण गाडीचा आवाज आल्यासारखा वाटला. कोणी विचारलं तर मी सांगेन."

रादिसाव दाताळ्याच्या दात्यांतला चिखल बोटानं काढत होता. त्यानं मान वर केली नाही. देसांका पाटात उभी होती, कोपरापर्यंत काळी. वुकादिननं तसं सांगितलं असतं तर सगळ्यांनी मान डोलावली असती. स्तामेनानं तर त्या गाडीचा रंगसुद्धा सांगितला असता. आणि पुढच्या वर्षी परत पहाटे गाडी आली असती.

"नाही आला तो, काका," ती म्हणाली.

"सूनबाई, घाई नाही. खुंटी काढायला मी उद्या येतो."

"उद्या कशाला."

ती खुंटीपाशी गेली. दोन्ही हातांनी धरून हलवली. खुंटी वरून पांढरी, भेगाळलेली. पाणी आणि हवा जिथे भेटतात त्या रेषेत कुजून बारीक झालेली. तिथे ती मोडेल असं वाटलं. मोडली नाही. देसांकानं भोवतीची माती फावड्याच्या टोकानं सैल केली, पुन्हा हलवली, पाय रोवून ओढलं. पाण्याखालचा भाग बाहेर आला तो काळाभोर, गच्च, काल तासल्यासारखा. भोकात पाणी शिरलं, एक बुडबुडा आला आणि भोक बुजलं.

वुकादिननं रादिसावला काखेत हात घालून उठवलं. "जड झालास रे."

"तू म्हातारा झालास," रादिसाव म्हणाला.

झाप उघडली. या वेळी पाणी कुठे थांबलं नाही. देसांका त्याच्याबरोबर काठाकाठानं चालत गेली. तोंडाशी फेस, पुढे एक पान, आणि पान वळणावर दिसेनासं झालं. थोड्या वेळानं खालून स्तामेनाची हाक आली. शब्द कळले नाहीत, पण ती हाक पाणी आल्याची होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देसांकाची पाळी होती. दिवसभर तिनं आणि रादिसावनं मिळून रोपं लावली. तो खुर्ची वाफ्यात घेऊन बसला होता आणि खोक्यातून एकेक रोप सोडवून तिच्या हातात देत होता. तिनं पाटाच्या काठातल्या मोरीची फळी वर उचलली. पाणी सरीत आलं, कोरड्या मातीत आधी मुरलं, माती गडद झाली, मग पुढे सरकलं. वाकलेली रोपं तशीच वाकलेली होती. ती रात्रीतून उठतील.

फोन एप्रनच्या खिशात वाजला. हात पुसून तिनं तो घेतला.

"झाला का पाट?" म्लादेन म्हणाला. आज मागे यंत्राचा आवाज नव्हता. तो घरी असावा.

"झाला."

"बघ. म्हटलं होतं ना, होतं सगळं. पाणी आलं?"

"आलं. आत्ता मिरच्यांना लावलंय."

"मस्त."

ती थांबली. माझा तुकडा कुणी केला, असं त्यानं विचारलं की काय सांगायचं ते तिनं दोन दिवस ठरवलं होतं. वेगवेगळ्या तऱ्हांनी ठरवलं होतं. सरीच्या टोकाला पाणी पोचलं आणि पलीकडच्या सरीत वळलं.

"बाबांचा पाय कसा आहे?" म्लादेननं विचारलं.

"आहे तसाच. वाफ्यात बसलेत."

"बरण्या कमी पाठव हं यंदा. मागच्याच आहेत अजून."

"बरं."

"आणि ऑगस्टात येतो. नक्की."

"ये," देसांका म्हणाली. मग म्हणाली, "उरोश आहे का तिथे? त्याला दे फोन. हे ऐकव त्याला."

"काय?"

ती मोरीशी खाली बसली. फळीच्या खालून पाणी दगडावर पडत होतं, तिथे तिनं फोन धरला, पाण्याच्या अगदी जवळ, थेंब उडून तिच्या मनगटावर येत होते इतका. रादिसाव हातात रोप घेऊन तिच्याकडे बघत होता.

"आई?" फोनमधून म्लादेनचा आवाज लहान होऊन येत होता. "आई, नुसती खरखर येतेय. नेट गेलं वाटतं. आई, ऐकू येतंय का तुला?"

"येतंय," देसांका म्हणाली, आणि फोन तसाच धरून बसली.